शोधनिबंध प्रकाशनाचे नीतिनियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निबंध पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात पडणाऱ्या शंका आणि निबंध छापून आल्यावर दोन वर्षांनी उभे राहणारे वाद यांचे मूळ बहुधा एकच असते. काम सुरू करताना जे बोलून ठरवायला हवे होते, ते भिडेपोटी किंवा घाईत राहून गेलेले असते. पुढील प्रश्न संशोधक विद्यार्थी, महाविद्यालयीन प्राध्यापक आणि नव्याने मार्गदर्शक झालेले शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे प्रामुख्याने विज्ञान आणि वैद्यक शाखांना धरून दिली असली, तरी त्यांतील बराच भाग सामाजिक शास्त्रांनाही लागू पडतो.

हे नियम ठरवते कोण, आणि ते मोडल्यास शिक्षा कोण करते?

सर्व जगाला बांधील असा एकच कायदा या विषयात नाही. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक 1978 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि त्यांनी हस्तलिखितांसाठी समान सूचना तयार केल्या. त्या गटातून पुढे आयसीएमजेई ही समिती आकाराला आली. लेखकपद, हितसंबंध आणि वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी यांबाबतचे तिचे निकष आज वैद्यकाबाहेरही वापरले जातात. 1997 मध्ये ब्रिटनमधील काही संपादकांनी 'कोप' ही प्रकाशननीतीची समिती स्थापन केली. तक्रार आल्यावर संपादकाने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, याचे तिने तयार केलेले तक्ते बहुतेक मोठे प्रकाशक प्रमाण मानतात.

शिक्षेचा अधिकार मात्र विभागलेला आहे. जर्नल निबंध नाकारू शकते, दुरुस्ती छापू शकते किंवा निबंध मागे घेऊ शकते, पण कोणाची वेतनवाढ रोखणे किंवा नोंदणी रद्द करणे तिच्या हातात नाही. ते काम लेखकाच्या संस्थेचे आहे. भारतातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाविषयीचे 2018 चे विनियम त्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

लेखक म्हणून कोणाचे नाव द्यावे?

आयसीएमजेईच्या निकषांनुसार चार अटी एकत्रितपणे पूर्ण करणारी व्यक्तीच लेखक ठरते. कामाच्या आखणीत किंवा विदा (डेटा) गोळा करण्यात, तिचे विश्लेषण करण्यात किंवा अर्थ लावण्यात तिचा ठोस वाटा असावा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक दुरुस्ती करण्यात सहभाग असावा. अंतिम मसुद्याला तिने संमती दिलेली असावी. निबंधातील कोणत्याही भागाच्या अचूकतेबद्दल प्रश्न उद्भवल्यास त्याची तड लावण्याची जबाबदारी तिने स्वीकारलेली असावी. ही चौथी अट 2013 मध्ये जोडली गेली, आणि आमच्या मते सगळ्यात जड तीच आहे.

तिचे वजन 2020 मध्ये जगाने पाहिले. कोविडच्या रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा काय परिणाम होतो, याविषयीचा एक निबंध 22 मे रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. 671 रुग्णालयांतील सुमारे 96,000 रुग्णांची माहिती त्यामागे असल्याचा दावा होता, आणि ती सर्व माहिती सर्जिस्फिअर या एका कंपनीकडून आली होती. शंका उपस्थित झाल्यावर इतर लेखकांनी स्वतंत्र तपासणीची मागणी केली, तेव्हा कंपनीने मूळ विदा देण्यास नकार दिला. विदेच्या खरेपणाची हमी देता येत नाही, असे सांगून कंपनीबाहेरच्या तिन्ही लेखकांनी 4 जून रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निबंध मागे घेतला. ज्या विदेवर आपले नाव छापले गेले ती मूळ स्वरूपात त्यांच्यापुढे आलेलीच नव्हती.

निधी मिळवून देणे, प्रयोगशाळेची जागा देणे, यंत्रावर नमुने चालवून देणे किंवा भाषा तपासणे ही कामे मोलाची असली, तरी केवळ तेवढ्याने लेखकपद मिळत नाही. त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा, आणि तोही त्या व्यक्तीला विचारून. याउलट, ज्याने प्रत्यक्ष लेखन किंवा विश्लेषण केले त्याचे नाव गाळणे हाही तेवढाच गंभीर दोष आहे. औषध कंपन्यांनी पगारी लेखकांकडून निबंध लिहून घेऊन त्यांवर नामवंत डॉक्टरांची नावे घालण्याचे प्रकार याच सदरात मोडतात.

विभागप्रमुखांनी किंवा गाइडनी कामाशी संबंध नसलेल्या व्यक्तीचे नाव घालायला सांगितले, तर विद्यार्थ्याने काय करावे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला नियम माहीत असतो. त्याची अडचण नियमाची नसून सत्तेची असते. प्रबंधावर सही ज्यांची लागते त्यांना नाही म्हणणे सोपे नाही, आणि तसे सांगणाऱ्या उपदेशाचा विद्यार्थ्याला उपयोगही होत नाही. व्यवहारात उपयोगी पडतात त्या कागदावरच्या गोष्टी. अनेक जर्नले आता 'क्रेडिट' या पद्धतीने प्रत्येक लेखकाचे योगदान चौदा ठरावीक भूमिकांमधून नोंदवायला सांगतात. तो तक्ता काम सुरू असतानाच भरून सर्वांना ई-मेलने पाठवला, तर "सर, आपल्या नावासमोर कोणती भूमिका लिहू?" हा प्रश्न आदर राखून विचारता येतो. मोकळा राहिलेला रकाना पुष्कळदा आपणच उत्तर देतो. नावांचा क्रम आणि पत्रव्यवहार कोणी करायचा हेही त्याच वेळी लेखी ठरवावे, कारण वैद्यकीय आणि इतर शिक्षकांच्या पदोन्नतीत क्रमाला किंमत आल्यापासून वाद तिथेच जास्त होतात.

मजकुराची जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साम्य अहवालात 9 टक्के आले. म्हणजे वाङ्मयचौर्य नाही, असे धरायचे का?

नाही. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजते. चोरी झाली की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही आणि त्याला ते येतही नाही.

गोंधळाचे कारण समजण्यासारखे आहे. यूजीसीच्या 2018 च्या विनियमांत साम्याचे चार स्तर आहेत : 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत पहिला स्तर, 60 टक्क्यांपर्यंत दुसरा आणि त्याहून अधिक असल्यास तिसरा. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या स्तरावर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रत द्यावी लागते, दुसऱ्या स्तरावर एक वर्ष सुधारित प्रत सादर करता येत नाही आणि तिसऱ्या स्तरावर नोंदणी रद्द होते. प्रकाशित निबंधाच्या बाबतीत दुसऱ्या स्तरापासून वेतनवाढ रोखणे आणि नवे संशोधक विद्यार्थी न देणे अशा शिक्षा आहेत. संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, प्रमाणित समीकरणे, कायद्यांची नावे इत्यादी गोष्टी या मोजणीतून वगळल्या जातात. प्रशासनासाठी अशी आकडेवारी सोयीची असते. पण तिचा परिणाम असा झाला की 'दहाच्या आत आणा' हेच संशोधनलेखनाचे उद्दिष्ट होऊन बसले.

दोन अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात 22 टक्के साम्य आहे, पण ते जवळजवळ सर्व कार्यपद्धतीच्या विभागात विखुरलेले आहे : 'नमुने 4 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवले', 'पी मूल्य 0.05 पेक्षा कमी असल्यास' अशी वाक्ये शेकडो निबंधांत असतात. दुसऱ्यात 7 टक्केच साम्य आहे, पण ते चर्चेच्या विभागातील सलग दोन परिच्छेदांचे आहे आणि निष्कर्षाचा मूळ युक्तिवाद त्यातच आहे. कोणत्याही जाणत्या संपादकाला दुसरा अहवाल अधिक चिंताजनक वाटेल. म्हणून टक्केवारीचे पहिले पान बाजूला ठेवून आतली रंगीत पाने वाचावीत. कोणत्या स्रोताशी किती सलग जुळणी आहे, हे तिथेच कळते.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. इंग्रजी निबंधातील मांडणी मराठीत उतरवून ती स्वतःची म्हणून छापली, तर हे सॉफ्टवेअर बहुधा शून्याच्या जवळचा आकडा दाखवते. तरीही ते वाङ्मयचौर्यच आहे. शब्द बदलले, कल्पना आणि तिचा क्रम बदलला नाही. मराठीतून लिहिणाऱ्या संशोधकांनी, आणि त्याहून अधिक त्यांच्या परीक्षकांनी, याकडे डोळसपणे पाहायला हवे.

स्वतःच्याच जुन्या लेखनातील मजकूर वापरला तर?

आधी प्रकाशित झालेला आपला मजकूर श्रेय न देता पुन्हा वापरणे यूजीसीने एप्रिल 2020 च्या सूचनेत अमान्य ठरवले आहे. प्रबंधातून निबंध काढणे हा वेगळा भाग असून तो सर्वमान्य आहे. प्रबंध 'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आधीच उपलब्ध असेल, तर साम्य अहवाल साहजिकच फुगतो. अशा वेळी संपादकाला पत्रातच तसे कळवावे आणि निबंधात प्रबंधाचा उल्लेख करावा.

खरा दोष एका अभ्यासाचे तुकडे पाडून चार निबंध करण्यात आहे. त्याच 120 रुग्णांचे वय एका निबंधात, रक्तदाब दुसऱ्यात आणि साखर तिसऱ्यात आली, आणि तिन्हींत एकमेकांचा उल्लेख नसला, की पुढे सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा संशोधक त्यांना 360 वेगवेगळे रुग्ण समजतो. औषधाच्या परिणामाचा अंदाज त्यामुळे चुकू शकतो.

तोच निबंध इंग्रजीनंतर मराठीत प्रसिद्ध करायचा असल्यास त्याला मनाई नाही. दोन्ही संपादकांची संमती घ्यावी आणि हे पुनःप्रकाशन आहे, हे पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे.

वेळ वाचावा म्हणून एकच निबंध दोन जर्नलांना पाठवता येतो का?

येत नाही. एका ठिकाणाहून नकार आल्यावर किंवा आपण निबंध परत घेतल्याचे संपादकाने लेखी मान्य केल्यावरच दुसरीकडे पाठवावा. परीक्षक विनामोबदला वेळ देतात, आणि विशेष शाखांत दोन्ही जर्नलांकडून तोच निबंध एकाच परीक्षकाकडे जाण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त असते. आर्काइव्ह किंवा मेडआर्काइव्हसारख्या ठिकाणी परीक्षणपूर्व मसुदा ठेवणे मात्र बहुतेक जर्नलांना चालते. त्या जर्नलचे धोरण आधी वाचावे.

पैसे घेणारे प्रत्येक जर्नल बोगस असते का?

असा समज मोठा आहे आणि तो चुकीचा आहे. वाचकाला विनामूल्य उपलब्ध असणारी अनेक प्रतिष्ठित जर्नले लेखकाकडून प्रक्रियाशुल्क घेतात. बोगस जर्नल ओळखायचे ते शुल्कावरून नव्हे, तर शुल्काच्या बदल्यात परीक्षण खरोखर होते का, यावरून.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 2010 च्या सुमारास अशा प्रकाशकांना 'प्रिडेटरी', म्हणजे भक्षक, हे नाव दिले आणि त्यांची यादी चालवली. ती यादी जानेवारी 2017 मध्ये त्यांनी काढून घेतली. दरम्यान 2013 मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी जॉन बोहॅनन यांनी एक प्रयोग केला. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला कर्करोगविषयक खोटा निबंध त्यांनी 304 मुक्त, म्हणजे वाचकाला विनामूल्य असणाऱ्या, जर्नलांकडे पाठवला. 157 जर्नलांनी तो स्वीकारला. या जर्नलांत भारतातून चालणाऱ्यांचा वाटा मोठा होता, हे आपल्याला अप्रिय वाटले तरी खरे आहे. हैदराबादच्या ओमिक्स या समूहाविरुद्ध अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने खटला भरला आणि 2019 मध्ये नेवाडातील संघीय न्यायालयाने त्याला 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परीक्षणाबद्दलचे खोटे दावे, नामवंतांची नावे त्यांच्या संमतीविना संपादक मंडळात घालणे आणि शुल्क आधी न सांगणे हे त्यातील मुख्य आरोप होते.

ओळखीच्या खुणा साध्या असतात. 'आदरणीय प्राध्यापक, आपल्या अमूल्य लेखनाची आम्ही वाट पाहत आहोत, गुरुवारपर्यंत पाठवा, अंक पंधरा तारखेला' अशा आशयाचे पत्र, त्यात आपल्या विषयाशी संबंध नसलेले जर्नलचे नाव, तीन दिवसांत स्वीकृती आणि परीक्षकांचा एका ओळीचा अभिप्राय. संकेतस्थळावर 'इम्पॅक्ट फॅक्टर'सारखे (जर्नलमधील निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात, ते सांगणाऱ्या आकड्यासारखे) दिसणारे, पण भलत्याच संस्थेने दिलेले आकडे झळकत असतात. आयएसएसएन क्रमांक असणे हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा नोंदणी क्रमांक आहे, एवढेच.

सध्या अधिक फसवा प्रकार म्हणजे अपहृत जर्नल. एखाद्या जुन्या, खऱ्या जर्नलचे नाव आणि आयएसएसएन तसेच ठेवून वेगळे संकेतस्थळ उघडले जाते आणि पैसे तिकडे वळवले जातात. म्हणून जर्नलचा पत्ता गुगलवरच्या पहिल्या दुव्यावरून न घेता स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा डीओएजे यांसारख्या सूचीतील नोंदीवरून उघडावा आणि मागच्या अंकातील दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचून पाहावेत. हे शेवटचे काम फारसे कोणी करत नाही.

यूजीसी-केअर यादी बंद झाली. आता जर्नल कसे निवडायचे?

या यादीचा पुण्याशी जवळचा संबंध असल्यामुळे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी निबंधांना गुण मिळू लागल्यावर यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली. तिच्यातील काही भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधकांनी त्यांतल्या 1,009 जर्नलांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले. 88 टक्क्यांहून अधिक जर्नले किमान निकषांवर टिकली नाहीत, फक्त 112 टिकली. कुठे पत्ता किंवा संपादकांची माहिती नव्हती, कुठे आयएसएसएन चुकीचा होता, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा होता. मे 2018 मध्ये यूजीसीने 4,305 जर्नले यादीतून काढली. त्या वर्षअखेरीस 'केअर' या व्यवस्थेची घोषणा झाली, तिचा कक्ष पुणे विद्यापीठात होता आणि नवी यादी जून 2019 मध्ये खुली झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने तीही थांबवून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली आणि केवळ मार्गदर्शक निकष सुचवले.

या निर्णयाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येते. यादीत नसलेली चांगली जर्नले, विशेषतः भारतीय भाषांतील, मागे पडत होती आणि यादीत असलेल्यांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे निघत होती. दुसरीकडे, तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात जिथे विषयाचा एकच शिक्षक आहे, तिथे जर्नल तपासणारी समिती कोठून आणायची, हाही प्रश्न खोटा नाही. आमचे मत असे, की ज्या क्षणी यादीला पदोन्नतीच्या गुणांशी जोडले गेले त्या क्षणी तिच्या फसवणुकीचा बाजार निश्चित झाला होता, आणि कोणतीही नवी यादी त्यातून सुटणार नाही. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीच्या 2022 च्या विनियमांतून गेली, हे त्यामुळेच स्वागतार्ह होते. काही विद्यापीठे आपल्या नियमांत ती अजूनही ठेवतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

व्हॉट्सॲपवर 'लेखकपद उपलब्ध' अशा जाहिराती येतात. त्या काय असतात?

हे निबंधांचे कारखाने. तयार निबंधात पहिले, दुसरे, तिसरे स्थान वेगवेगळ्या दराने विकले जाते. मजकूर जुन्या निबंधांतून उचलून शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला असतो, आणि त्यामुळे 'ब्रेस्ट कॅन्सर'ऐवजी 'बुझम पेरिल' असे शब्दप्रयोग त्यात उगवतात. अशा विद्रूप शब्दांचा माग काढूनच संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 पासून असे निबंध मोठ्या संख्येने उघडकीस आणले. हिंदावी या प्रकाशनाचे विशेषांक या कारखान्यांनी इतके पोखरले, की 2023 मध्ये त्याचे 8,000 हून अधिक निबंध मागे घेतले गेले आणि मालक असलेल्या वाइली कंपनीने ते नावच सोडून द्यायचे ठरवले. विकत घेतलेले स्थान कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फाइलमध्ये आज गुण देईल, पण निबंध मागे घेतल्याची नोंद लेखकाच्या नावासह कायम राहते.

आलेखातून एखादा न जुळणारा बिंदू काढला, तर त्याला अप्रामाणिकपणा म्हणायचे का?

काढण्याचा निकष प्रयोगाआधी ठरलेला असेल आणि निबंधात लिहिलेला असेल, तर नाही. निष्कर्ष बिघडतो म्हणून काढला आणि सांगितले नाही, तर ते विदेत फेरफार करणे आहे. प्रतिमांबाबतही तोच न्याय : संपूर्ण चित्राची चमक सारखी वाढवणे चालते, एकच पट्टा गडद करणे किंवा पुसणे चालत नाही.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन यांचे प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. रेणवीय इलेक्ट्रॉनिक्समधील त्यांचे निबंध 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये एकामागून एक येत होते. मग काही भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत मुख्य रेषेवरची बारीक, निव्वळ योगायोगाने येणारी थरथर तंतोतंत सारखी आहे. निसर्गात तसे होत नाही. 2002 मध्ये चौकशी समितीने 24 पैकी 16 आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले. मूळ नोंदी मागितल्या तेव्हा त्या शिल्लक नव्हत्या. प्रयोगवही जपून ठेवण्याचा आग्रह जुनाट वाटतो, तो अशा वेळेसाठी असतो.

हे अपवाद आहेत, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये जीववैद्यकीय जर्नलांतील 20,621 निबंध डोळ्यांनी तपासले, तेव्हा 3.8 टक्के निबंधांत संशयास्पद पुनरावृत्ती असलेल्या प्रतिमा आढळल्या.

नीतिशास्त्र समितीची मान्यता अभ्यास झाल्यावर घेता येते का?

नाही. मागील तारखेची मान्यता कोणतीही समिती देऊ शकत नाही. 'आमची फक्त प्रश्नावली होती' ही सबबही पुरेशी नाही, कारण माणसांची माहिती घेतली की संमतीचा प्रश्न येतोच. मान्यतेची गरज नसेल, तर तसे समितीकडूनच लेखी घ्यावे. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी व्हावी लागते. भारतात सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतील ही नोंदणी जून 2009 पासून सक्तीची आहे. रुग्णाचे छायाचित्र छापताना डोळ्यांवर काळी पट्टी लावणे पुरेसे मानले जात नाही, लेखी संमती लागते.

हितसंबंध कोणते आणि किती सांगायचे?

वाचकाला नंतर कळले असता 'हे आधी का सांगितले नाही' असे वाटेल, ते सर्व. हितसंबंध असणे हा गुन्हा नाही. लपवणे हा आहे. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 1998 मध्ये 12 मुलांच्या अभ्यासावरून एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सूचित करणारा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा लस उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांमार्फत त्यांना पैसे मिळत असल्याचे उघड केलेले नव्हते. 2004 मध्ये 13 पैकी 10 लेखकांनी त्या निष्कर्षापासून फारकत घेतली, 2010 मध्ये निबंध मागे घेतला गेला. लसीबद्दलची भीती मात्र तो मागे घेतल्याने गेली नाही.

परीक्षकांची नावे सुचवायला सांगतात. मित्राचे नाव द्यावे का?

सहलेखक, जुने गाइड, त्याच संस्थेतील सहकारी यांची नावे देऊ नयेत. सुचवलेल्या परीक्षकाचा संस्थेचा ई-मेल द्यावा. बनावट जीमेल पत्ते देऊन स्वतःच स्वतःचे परीक्षण करण्याचे प्रकार इतके झाले आहेत, की 2017 मध्ये 'ट्यूमर बायोलॉजी' या एका जर्नलचे 107 निबंध एकाच वेळी मागे घ्यावे लागले.

परीक्षक म्हणून आपल्याकडे आलेले हस्तलिखित गोपनीय असते. ते विद्यार्थ्याला वाचायला देण्यापूर्वी संपादकाला विचारावे, आणि चॅटबॉटमध्ये तर घालूच नये. स्वतःचे पाच निबंध उद्धृत करायला लावणारा अभिप्राय लिहिणे हा अधिकाराचा गैरवापर आहे.

चॅटजीपीटीसारखी साधने वापरता येतात का?

भाषा सुधारण्यासाठी बहुतेक जर्नले परवानगी देतात, मात्र वापर कोठे आणि कशासाठी केला हे लिहावे लागते. अशा साधनाला लेखक करता येत नाही, अशी भूमिका कोपने 2023 मध्ये घेतली, कारण ते झालेल्या चुकांची जबाबदारी घेऊ शकत नाही. मोठा धोका संदर्भांचा आहे : ही साधने खऱ्या जर्नलच्या नावाने अस्तित्वात नसलेले निबंध बेधडक रचतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहावा. फेब्रुवारी 2024 मध्ये 'फ्रंटियर्स' समूहाच्या एका जर्नलमध्ये एआयने काढलेले उंदराचे शरीररचनेच्या दृष्टीने हास्यास्पद चित्र निरर्थक शब्दांसह छापले गेले आणि काही दिवसांतच तो निबंध मागे घ्यावा लागला. ते चित्र संपादक आणि परीक्षक या दोघांच्याही नजरेखालून गेले होते, हे विसरता कामा नये.

छापून आलेल्या निबंधात आपलीच चूक सापडली. आता काय करावे?

संपादकाला ताबडतोब कळवावे. निष्कर्षाला धक्का लागत नसेल, तर शुद्धिपत्र छापले जाते. निष्कर्षच टिकत नसेल, तर निबंध मागे घ्यावा. मागे घेतलेला निबंध संकेतस्थळावरून गायब केला जात नाही, त्यावर तशी ठळक खूण करून कारणासह नोंद ठेवली जाते.

मागे घेणे म्हणजे कलंक, ही समजूत प्रामाणिक संशोधकाला अडवते. रसायनशास्त्राच्या 2018 च्या नोबेलच्या मानकरी फ्रान्सिस आर्नल्ड यांनी जानेवारी 2020 मध्ये 'सायन्स'मधील आपला निबंध मागे घेतल्याचे स्वतः जाहीर केले. निष्कर्ष पुन्हा मिळत नव्हते आणि पहिल्या लेखकाच्या प्रयोगवहीत मूळ नोंदी अपुऱ्या होत्या. त्या काळात आपण कामात होतो आणि आपले काम नीट केले नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या प्रतिष्ठेला त्यामुळे बाधा आल्याचे दिसत नाही. आपल्याकडे मात्र 'एनआयआरएफ' या उच्च शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करण्याचे धोरण पुढे आले आहे. ते राबवताना स्वतःहून कबूल केलेली चूक आणि पकडलेली लबाडी यांत फरक केला नाही, तर संस्था चुका दडपायला शिकतील.

आपण उद्धृत करत असलेला निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही तपासावे. बहुतेक निबंधांच्या पानावर 'चेक फॉर अपडेट्स' ही कळ असते, मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'ची विदा 2023 पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे आणि झोटेरोसारखे संदर्भ व्यवस्थापक तसा इशारा आपोआप देतात.

दुसऱ्याच्या निबंधात गैरप्रकार दिसला, तर तक्रार कोठे करावी?

संपादक आणि लेखकाची संस्था, दोन्हीकडे करता येते. यूजीसीच्या विनियमांनुसार विभागीय पातळीवरील समितीने 45 दिवसांत आणि संस्थात्मक समितीने पुढील 45 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. 'यांनी चोरी केली आहे' असे लिहू नये. कोणत्या निबंधाचे कोणते पान, कोणता परिच्छेद किंवा आकृती कशाशी जुळते, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवावे. हेतूबद्दल तर्क करू नये, त्याने तक्रार कमकुवत होते आणि बदनामीच्या दाव्याला वाव मिळतो. नाव उघड करणे शक्य नसेल, तर 'पबपीअर' या प्रकाशित निबंधांवर चर्चा करणाऱ्या संकेतस्थळावर निनावी टिप्पणी करता येते, आणि पुरावा ठोस असल्यास निनावी तक्रारीचीही दखल संपादकाने घ्यावी, असे कोपचे मार्गदर्शन आहे.

संपादकांकडून महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. जर्नल कोपचे सदस्य असेल, तर त्याविषयी कोपकडे दाद मागता येते. मात्र निबंधात खरोखर गैरप्रकार झाला का, याची चौकशी कोप करत नाही. संपादकाने तक्रार हाताळताना ठरलेली प्रक्रिया पाळली की नाही, एवढेच ती पाहते.